घरगुती सीएनसी राऊटर आणि त्याचे कार्यशाळेतील टेबल : अचूकतेच्या उगमाचा अभ्यास

सारांश :
संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड, प्लायवुड, ॲक्रिलिक व मऊ धातू कापणारा छोटा सीएनसी राऊटर आज घरी किंवा महाविद्यालयाच्या कार्यशाळेत बनवणे शक्य झाले आहे. मोटर, नियंत्रक व आज्ञावली बाजारात सहज मिळतात. तथापि अशी अनेक यंत्रे जोडून पूर्ण झाल्यावरही अपेक्षित काम देत नाहीत. याचे कारण बहुधा इलेक्ट्रॉनिक भागात नसते. ते यंत्राच्या पायात, म्हणजेच ज्या टेबलावर यंत्र उभे आहे त्या टेबलात असते. यंत्राची अचूकता टेबलाच्या सपाटपणापासून व ताठपणापासून सुरू होते आणि महागडी मापनसाधने नसतानाही ती तपासता येते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : सीएनसी राऊटर, टॉर्शन बॉक्स, सपाटपणा, पीळ, काटकोन, पलटी परीक्षा.

१. प्रस्तावना

सीएनसी म्हणजे संगणकीय अंकीय नियंत्रण. या तंत्राचा प्रारंभ अमेरिकेत झाला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्राकार भाग अचूक कसे तयार करावेत, हा प्रश्न मिशिगन राज्यातील उद्योजक जॉन पार्सन्स यांच्यासमोर होता. वक्ररेषेवरील बिंदूंचे आकडे काढून त्यांच्या आधारे यंत्र चालवावे, ही कल्पना त्यांनी मांडली. अमेरिकी हवाई दलाच्या अर्थसाहाय्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत त्यावर काम झाले आणि १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले.

या इतिहासातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. एमआयटीतील संशोधकांनी मिलिंग यंत्र नव्याने घडवले नव्हते. सिनसिनाटी बनावटीचे तयार, जड मिलिंग यंत्र घेऊन त्याला त्यांनी अंकीय नियंत्रणाची जोड दिली. यंत्राचा पाया आधीच सिद्ध होता, नवे होते ते नियंत्रण. घरगुती राऊटर बनवणाऱ्याची परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. अर्डुइनो हा छोटा नियंत्रक फलक २००५ मध्ये इटलीत विकसित झाला, तर त्यावर चालणारी जीआरबीएल ही मुक्त नियंत्रण-आज्ञावली २००९ मध्ये उपलब्ध झाली. त्यामुळे एकेकाळी खोलीभर जागा व्यापणारे नियंत्रण आता तळहातावर मावते. म्हणजे नियंत्रण तयार मिळते, परंतु पाया मात्र स्वतः घडवावा लागतो. घरगुती यंत्राच्या बहुतेक अडचणींचे मूळ या उलटापालटीत आहे.

२. उद्दिष्टे

१) घरगुती सीएनसी राऊटरची रचना व कार्य थोडक्यात समजून घेणे.
२) यंत्राच्या अचूकतेत टेबलाचे स्थान स्पष्ट करणे.
३) टेबलाची रचना आणि सपाटपणा, पीळ व काटकोन तपासण्याच्या सुलभ पद्धतींचे विवेचन करणे.
४) महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या उपक्रमाचे मूल्य तपासणे.

प्रस्तुत लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. उदाहरणासाठी ६०० × ६०० मि.मी. कार्यक्षेत्राचे यंत्र गृहीत धरले आहे.

३. यंत्राची रचना व कार्य

राऊटरमध्ये परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांना हालचाल होते. दोन समांतर रुळांवरून पुलासारखा एक आडवा भाग पुढे-मागे सरकतो, त्यास गॅन्ट्री म्हणतात. गॅन्ट्रीवर एक गाडा डावी-उजवीकडे सरकतो आणि त्या गाड्यावरील स्पिंडल वर-खाली होते. स्पिंडलच्या टोकाला बसवलेला कटर मिनिटाला साधारणतः १०,००० ते २४,००० फेरे फिरतो.

प्रत्येक दिशेची हालचाल स्टेपर मोटर घडवून आणते. प्रचलित स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. चालक मंडलाने प्रत्येक पावलाचे आठ भाग केल्यास एका फेऱ्याची १६०० सूक्ष्म पावले होतात. मोटरला एका फेऱ्यात ५ मि.मी. पुढे नेणारा बॉल स्क्रू जोडला, तर १ मि.मी. अंतरासाठी ३२० पावले लागतात, म्हणजे एक पाऊल सुमारे ०.००३ मि.मी. भरते. हा आकडा वाचून यंत्र तितकेच अचूक असणार असा समज होतो. वस्तुतः हे केवळ आज्ञेचे सूक्ष्मतम एकक आहे. कटर प्रत्यक्षात कोठे पोहोचतो, हे रूळ, गॅन्ट्री व टेबल ठरवतात.

संगणकावरील आकृतीचे रूपांतर जी-कोड या आज्ञांमध्ये होते. जी० ही आज्ञा न कापता वेगाने सरकण्यासाठी, जी१ ही सरळ रेषेत कापण्यासाठी, तर जी२ व जी३ या वर्तुळखंडासाठी वापरतात. येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. साध्या स्टेपर यंत्रात मोटर आपली जागा नियंत्रकाला कळवत नाही. कटर अडकून काही पावले चुकली, तरी नियंत्रक सर्व काही सुरळीत आहे असे समजून पुढील आज्ञा देत राहतो आणि उर्वरित सर्व काम तेवढ्या अंतराने सरकते. म्हणून अशा यंत्रात चूक सुधारण्यापेक्षा ती होऊ न देणे महत्त्वाचे ठरते.

४. टेबल : यंत्राचा पहिला अवयव

जड औद्योगिक यंत्राचा बीडाचा पाया स्वतःच ताठ असतो. घरगुती राऊटरची चौकट मात्र हलकी असते आणि ती ज्यावर ठेवावी त्याचा आकार घेते. टेबलाचा एक कोपरा वर असेल तर चौकटीला पीळ बसतो. चौकटीला पीळ बसला की दोन्ही रूळ एका प्रतलात राहत नाहीत, आणि गॅन्ट्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना किंचित कलते. परिणामी एका कोपऱ्यात २ मि.मी. खोल उतरलेला कटर दुसऱ्या कोपऱ्यात त्याहून कमी-अधिक खोल जातो.

४.१ ताठपणाचे गणित

तुळईचा बाक तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली तर बाक आठपट होतो. याउलट आयताकृती छेदाच्या तुळईची उंची दुप्पट केली तर बाक एक-अष्टमांश होतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १८ मि.मी. जाडीची व १०० मि.मी. रुंदीची एमडीएफची पट्टी ७०० मि.मी. अंतरावरील दोन आधारांवर आडवी ठेवून मध्यभागी ५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलो वजनाइतका भार दिला, तर ती सुमारे २ मि.मी. लवते. तीच पट्टी कडेवर उभी ठेवली तर त्याच भाराखाली ती केवळ ०.०७ मि.मी. लवते. पदार्थ तोच, वजन तेच आणि खर्चही तोच, फक्त ठेवण बदलल्याने सुमारे ३० पट फरक पडतो.

पदार्थाचा वाटाही मोठा आहे. पोलादाचा ताठपणा ॲल्युमिनिअमच्या जवळपास तिप्पट आणि ॲल्युमिनिअमचा एमडीएफच्या सुमारे २० पट असतो. तथापि वरील उदाहरणातून दिसते की महाग पदार्थ घेण्यापूर्वी स्वस्त पदार्थ योग्य रीतीने उभा करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

४.२ टॉर्शन बॉक्स

या तत्त्वाचा सर्वांत उपयुक्त आविष्कार म्हणजे टॉर्शन बॉक्स. यात प्लायवुडच्या उभ्या पट्ट्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी करतात आणि तिच्या वर व खाली प्लायवुडचा एकेक पातळ पत्रा सर्वत्र गोंद लावून चिकटवतात. ही बंद पेटी बाक व पीळ या दोहोंना विरोध करते. एक मीटर लांबी-रुंदीच्या टेबलासाठी १२ मि.मी. प्लायवुडचे दोन पत्रे आणि सुमारे ७५ मि.मी. उंचीच्या पट्ट्या २०० मि.मी. अंतरावर घेतल्यास पेटीचे वजन साधारण २० किलो होते. सर्व पट्ट्यांची उंची समान राहावी यासाठी त्या करवतीच्या एकाच मांडणीवर सलग कापणे आवश्यक असते.

येथे एक धोका आहे. टॉर्शन बॉक्स ज्या आकारात चिकटतो तो आकार कायमचा धारण करतो. चिकटवताना खालचा आधार पिळलेला असेल, तर गोंद वाळल्यावर तोच पीळ पेटीत कायम होतो आणि नंतर काढता येत नाही. म्हणून पेटी जोडण्यापूर्वी आधाराचा पीळ तपासणे हे संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे काम होय.

४.३ पाय व चौकट

चार बाजूंची चौकट केवळ कोपऱ्यांत जोडली तर ती बाजूला कलू शकते, त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. यास्तव पायांच्या चौकटीला तिरपे आधार देणे अनिवार्य आहे. १५ किलोची गॅन्ट्री दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या प्रमाणात वेग घेते तेव्हा टेबलाला १५ न्यूटनचा उलट धक्का बसतो, आणि दिशा बदलताना तो पुन्हा पुन्हा बसतो. तिरपे आधार नसलेले टेबल या धक्क्यांनी डोलते व त्या डोलण्याचे वळ कापलेल्या कडेवर उमटतात.

तीन बिंदूंनी एक प्रतल निश्चित होते, चौथा बिंदू त्यात बसेलच असे नाही. चार पायांचे टेबल फरशीवर डुगडुगते ते यामुळेच. प्रत्येक पायाखाली उंची कमी-जास्त करता येणारा बोल्ट बसवावा. चाके लावायची असल्यास काम करताना टेबलाचा भार त्यांच्यावर राहू नये. टेबल जागेवरून हलवले की पिळाची तपासणी पुन्हा करावी.

५. मापनसाधनांवाचून अचूकता

सपाट पृष्ठ तपासण्यासाठी आधी दुसरे सपाट पृष्ठ लागते. मग पहिले सपाट पृष्ठ आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे वाचलेल्या निबंधातून सर्वांसमोर आले. दोन पत्रे एकमेकांशी तंतोतंत जुळले तरी ते सपाट असतीलच असे नाही, कारण एक फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असू शकतो. परंतु तीन पत्रे घेऊन त्यांतील प्रत्येक दोन परस्परांशी जुळेपर्यंत खरवडत गेले, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय ते जुळूच शकत नाहीत. अचूकता येथे बाहेरून आणलेली नाही, ती तुलनेतून निर्माण झाली आहे. हेच तत्त्व आपल्याकडील सुतार व गवंडीही वापरत आले आहेत. पुढील चार परीक्षा त्यावरच आधारलेल्या आहेत.

५.१ पट्टीची परीक्षा : पट्टीच्या कडेने पातळ पेन्सिलने रेघ ओढावी. नंतर पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूला पलटून तीच कड त्याच दोन टोकांवर ठेवून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर कड सरळ आहे. त्यांच्यात फट दिसली तर पट्टीचा खरा दोष त्या फटीच्या निम्मा असतो.

५.२ गुण्या व पाणसळ यांची परीक्षा : फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ ओढावी, मग गुण्या पलटून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. रेघा फाकल्या तर गुण्याचा दोष त्या फरकाच्या निम्मा होय. पाणसळही त्याच जागी १८० अंशांत फिरवून पाहावी. बुडबुडा दोन्ही वेळा मध्यापासून एकाच दिशेला तितकाच राहिला तर दोष पृष्ठाचा, दिशा बदलली तर पाणसळीचा असतो.

५.३ पिळाची परीक्षा : टेबलाच्या चारही कोपऱ्यांवर समान उंचीचे ठोकळे ठेवून त्यांवरून दोन कर्णांवर बारीक दोरे ताणून बांधावेत. चारही कोपरे एका प्रतलात असतील तर दोरे मध्यावर एकमेकांना अलगद स्पर्श करतात. फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्यावर दाबला गेला तर टेबलाला पीळ आहे. एक कोपरा ०.४ मि.मी. वर असल्यास मध्यावर ०.२ मि.मी.चा फरक पडतो आणि बारीक दोऱ्याच्या जाडीशी तुलना करून तो डोळ्यांनी ओळखता येतो. वरचा व खालचा दोरा बदलून ही परीक्षा दोनदा करावी.

५.४ काटकोनाची परीक्षा : आयताचे दोन्ही कर्ण समान असतील तर त्याचे कोपरे काटकोनात असतात. ६०० मि.मी.च्या चौरसात कर्णांमध्ये केवळ १ मि.मी. फरक असेल, तर एका बाजूच्या लांबीवर सुमारे ०.७ मि.मी. तिरपेपणा येतो. खण किंवा पेटी जोडताना एवढा तिरपेपणा स्पष्ट दिसतो. यंत्र पूर्ण झाल्यावर ५०० मि.मी. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर छिद्रे पाडून त्यांचे कर्ण मोजावेत. प्रत्येक कर्ण ७०७.१ मि.मी. भरला पाहिजे.

६. स्पॉइलबोर्ड आणि स्वतःला लपवणारा दोष

टेबलावर एमडीएफची एक फळी बसवून ती यंत्राच्याच कटरने वरून रंधून घेण्याची पद्धत आहे. या फळीस स्पॉइलबोर्ड म्हणतात. रंधल्यानंतर फळीचा पृष्ठभाग यंत्राच्या हालचालीला समांतर होतो. त्यामुळे टेबल कसेही असले तरी शेवटी सर्व सपाट होईल, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धसत्य आहे.

यंत्र आपल्याच रुळांप्रमाणे कापते. रुळांना पीळ असेल तर रंधलेली फळीही त्याच पिळाची निघते. कटर व फळी यांतील अंतर सर्वत्र समान दिसत असल्याने दोष डोळ्यांआड होतो. त्या फळीवर जाड, सपाट लाकूड ठेवले की मगच ते डुगडुगते. म्हणजे स्पॉइलबोर्ड हा यंत्राच्या दोषावरील उपाय नसून त्या दोषाची हुबेहूब प्रत आहे. नियंत्रकात प्रति मिलिमीटर पावलांचा आकडा बदलूनही पीळ जात नाही, कारण त्या आकड्याने फक्त एकसमान लांबीची चूक दुरुस्त होते.

रंधलेल्या फळीचा दुसरा उपयोग मात्र मोलाचा आहे. तिच्यावर हात फिरवला असता लगतच्या पट्ट्यांमध्ये पायरी जाणवली, तर स्पिंडल टेबलाशी काटकोनात नाही असे समजावे. पायरी ज्या दिशेला जाणवते त्यावरून स्पिंडल कोणत्या बाजूला कलले आहे हेही कळते.

७. कापण्याचा वेग, हवामान व सुरक्षितता

नवीन व्यक्ती यंत्र जपण्यासाठी ते सावकाश चालवते. कटर मात्र याविरुद्ध वागतो. मिनिटाला १८,००० फेरे फिरणाऱ्या दोन धारांच्या कटरने प्रत्येक धारेला ०.०५ मि.मी. लाकूड काढायचे असल्यास सरकण्याचा वेग मिनिटाला १८०० मि.मी. हवा. तो ३०० ठेवला तर धार लाकूड कापण्याऐवजी घासते, कटर तापतो, कड काळी पडते आणि भुसा पेटण्याचाही संभव असतो. आवश्यक वेग पेलण्याइतके टेबल ताठ नसेल, तर स्पिंडलचे फेरे व कापण्याची खोली कमी करावी. टेबलाचा ताठपणा अशा प्रकारे केवळ अचूकतेशी नव्हे, तर सुरक्षिततेशीही निगडित आहे.

एमडीएफ ओलावा शोषून फुगते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा परिणाम विशेष जाणवतो. फळीच्या दोन्ही बाजूंना व कडांना सारखेच सीलर लावावे. एकाच बाजूला लावल्यास फळी वाकते. पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी दोऱ्याची परीक्षा पुन्हा करावी.

लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते. म्हणून धूळ ओढणारे यंत्र, मास्क, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण यांना पर्याय नाही. यंत्र तात्काळ थांबवणारे लाल बटन टेबलाच्या पुढील कडेवर, हात सहज पोहोचेल असे असावे आणि ते आज्ञावलीवर विसंबून न राहता थेट वीजपुरवठा तोडणारे असावे. धातूच्या सर्व भागांना अर्थिंग द्यावे व चालू यंत्र सोडून कोणीही जाऊ नये.

८. अध्यापनातील उपयोग

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकणे हे त्यांच्या शिक्षणविचाराचे सूत्र होते. याच आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक होय. संगणक-नियंत्रित यंत्र ग्रामीण विद्यार्थ्याच्या हाती देता येते, हे महाराष्ट्राला नवे नाही.

राऊटर बनवताना भौतिकशास्त्रातील तुळईचा बाक, गणितातील गुणोत्तर व कर्ण, इलेक्ट्रॉनिक्समधील मोटर-चालक, संगणकशास्त्रातील आज्ञावली आणि वाणिज्य शाखेतील खर्चाचा हिशेब एका टेबलाभोवती येतात. महाविद्यालयाने तयार यंत्र विकत घ्यावे की स्वतः बनवावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ किमतीचा नाही. नियमित उत्पादन हवे असल्यास तयार यंत्र घेणे योग्य. शिकणे हा हेतू असेल तर बनवणे श्रेयस्कर, मात्र त्यात टेबलासाठी स्वतंत्र वेळ व निधी राखून ठेवला पाहिजे. मोटरवर सर्व रक्कम खर्च करून यंत्र डुगडुगत्या बाकावर ठेवले, तर ते काही महिन्यांत कापडाखाली झाकून पडते आणि विद्यार्थ्याच्या मनात मात्र आपल्याला हे जमत नाही अशी समजूत घर करते. हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे आहे.

९. मर्यादा

प्रस्तुत विवेचन लाकूड व तत्सम पदार्थ कापणाऱ्या लहान यंत्रापुरते आहे. पोलाद कापण्यासाठी लागणारा ताठपणा प्लायवुडच्या टेबलातून मिळत नाही. दोरा व पट्टी यांच्या परीक्षांनी मिलिमीटरच्या दशांशापर्यंतचे दोष सापडतात, त्यापलीकडे डायल इंडिकेटरसारखी साधने आवश्यक आहेत.

१०. समारोप

१९५२ च्या प्रात्यक्षिकात पाया तयार होता व नियंत्रण शोधायचे होते. आजच्या घरगुती यंत्रात नियंत्रण तयार आहे व पाया शोधायचा आहे. ०.००३ मि.मी.चे पाऊल टाकणारी मोटर विकत मिळते, पण त्या पावलाला अर्थ देणारे सपाट, ताठ व काटकोनात असलेले टेबल स्वतःच घडवावे लागते. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे दोरा, पट्टी, गुण्या व पाणसळ, आणि त्या साधनांचाही दोष पलटून पाहण्याची सवय. म्हणून राऊटर बनवू इच्छिणाऱ्याने प्रथम टेबल बनवावे, ते तपासावे, पुन्हा तपासावे आणि नंतरच मोटरची खरेदी करावी, असे या विवेचनाच्या आधारे म्हणता येईल.